बारा सुती बाक

डॉक्टर दातांचे होते. गेली सव्वीस वर्षं ते ज्यांच्याशी बोलत आले होते त्यांचं तोंड उघडं, आणि उघड्या तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरांचीच दोन बोटं असत. त्यामुळे आपलं म्हणणं लोकांना पटतं, असा त्यांचा अगदी प्रामाणिक समज होऊन बसला होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. फार तर एखादा घशातून 'आँ' करे, आणि डॉक्टर तो होकार धरत.

बाकाचं प्रकरण सुरू झालं ते एका मुख्याध्यापकांमुळे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या सहा खुर्च्या होत्या. मुख्याध्यापक अंगानं भरलेले, त्यात मागे रेलून वर्तमानपत्र वाचायची सवय. एका सकाळी खुर्चीचे मागचे दोन पाय फाकले आणि गृहस्थ वर्तमानपत्रासकट जमिनीवर आले. आले होते दात भरायला, गेले मनगटाला पट्टी बांधून. दात राहिला तो राहिलाच.

त्या दिवशी जेवताना डॉक्टरांच्या बायकोनं सुचवलं, की पलीकडच्या गल्लीत लोखंडी बाक तयार मिळतात, एक आणून टाकावा. ती घरात, वरच्या मजल्यावर, शिवणाचे वर्ग घ्यायची आणि कामापुरतं बोलायची. पण डॉक्टरांचा घास हातातच राहिला. जो हात केसाएवढाही फरक न पडू देता दातावर टोपी बसवतो, त्या हाताला साधा बाक करता येऊ नये? बाक म्हणजे तरी काय, चार पाय आणि वर फळी. शिवाय लाकूड विव्हळत नाही, लाळ गाळत नाही, त्याला भूल द्यावी लागत नाही. दातापेक्षा हे काम सोपंच.

"मी करतो," ते म्हणाले. "घरच्या घरी. अस्सल कठीण लाकडाचा. नातवंडं बसतील त्याच्यावर."

मुलगी अजून कॉलेजात होती, म्हणून बायकोनं नातवंडांचा विषय वाढवला नाही.

पुढचे तीन महिने डॉक्टरांनी अभ्यास केला. दुपारच्या सुट्टीत ते मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघत. त्या व्हिडिओंतली माणसं कधी घामाघूम होत नसत आणि त्यांच्या रंध्यातून लाकडाची साल रिबिनीसारखी निघे. डॉक्टरांनी तीन रंधे घेतले, पटाश्यांचा संच घेतला, काटकोन बघायचा गुण्या घेतला, आणि लाकडातला ओलावा मोजणारं एक छोटं यंत्रही मागवलं. दवाखान्यामागच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी ही सगळी हत्यारं उंचीनुसार ओळीत मांडली. पटाश्या तर त्यांनी एकदा हत्यारं उकळायच्या यंत्रातून काढल्या. दवाखान्यातल्या सिस्टर एरवी कशालाच नाही म्हणत नसत, पण दात काढायच्या चिमट्यांशेजारी अर्धा हात लांब पटाशी बघून एक पेशंट उठून गेला, तेव्हा मात्र त्यांनी हात जोडले.

आणि डॉक्टर बोलत राहिले. दाढ कोरता कोरता ते कठीण लाकूड आणि मऊ लाकूड यांतला फरक समजावत, दाताच्या मुळात औषध भरताना लाकडाचा गाभा आणि पांढरं लाकूड यांवर येत. दोन महिन्यांत गावातल्या अर्ध्या दाढांना बाकाची बातमी कळली. तोंड रिकामं झालं की लोक पहिला प्रश्न विचारत तो बिलाचा नव्हे, बाकाचा. मग लाकूड आणायला जाण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही.

वखार गावाबाहेर होती. अर्धी पत्र्याखाली, अर्धी उघड्यावर. आत करवतीचं यंत्र किंचाळत होतं आणि हवेत भुसा असा तरंगत होता, की डॉक्टरांनी सवयीनं खिशातून मास्क काढला आणि तसाच परत ठेवला. वखारवाले एका ओंडक्यावर बसले होते. साठीचे, कानावर खडू, डावा हात गालावर. तो गाल जरासा सुजलेला आहे हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. पण गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसानं दुकानदाराच्या तोंडात डोकावणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

बाक करायचाय म्हटल्यावर वखारवाल्यांनी विचारलं, लाकूड कोणतं. डॉक्टरांची यावर तयारी होती. त्यांनी घनता, छिद्रं, रेषा आणि टिकाऊपणा अशी सुरुवात केली. वखारवाल्यांनी ते यंत्र थांबेपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे शिसव," ते म्हणाले.

"शिसवच," डॉक्टर म्हणाले.

"दीड इंची देऊ, की बारा सुती?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सूत हा शब्द एकाही व्हिडिओत आला नव्हता. विचारावं, तर तीन महिन्यांची विद्वत्ता एका प्रश्नात धुळीला मिळायची. त्यांनी हनुवटीला हात लावला, पलीकडच्या ढिगाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि पुरता विचार करून म्हणाले, "बाकासाठी... बारा सुतीच बरं."

एका इंचात आठ सूत असतात. बारा सूत म्हणजेच दीड इंच. वखारवाल्यांनी डॉक्टरांकडे क्षणभर पाहिलं. समोरचा किती पाण्यात आहे हे बघायची त्यांची ही जुनी रीत होती, आणि डॉक्टर घोट्याएवढ्याही पाण्यात नव्हते.

मग त्यांनी सहा फळ्या काढायला लावल्या. डॉक्टरांनी एका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कारण व्हिडिओत तसं करत. आवाज आला. तो कसा यायला हवा हे काही आठवेना, म्हणून त्यांनी "हं" केलं आणि दुसरीचा वास घेतला. ओलावा मोजायचं यंत्र पँटच्या खिशात टोचत होतं. पण मालकासमोरच त्याच्या मालाला थर्मामीटर लावायचा म्हणजे फारच झालं. शेवटी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाळलेलं आहे ना?"

"डॉक्टर, माल वर्षभर पडून आहे."

या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माल वर्षभर पडूनच होता. कुठे पडून होता, त्याच्यावर पत्रा होता की आभाळ, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि वखारवाल्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांनी मान डोलावली. सव्वीस वर्षं त्यांच्यासमोर खुर्चीत आडवी झालेली माणसं अशीच मान डोलावत आली होती, पण हे त्यांना त्या वेळी सुचायचं काही कारण नव्हतं.

फळ्या घरात घ्यायला धाकटा मेहुणा आला. दुसऱ्या फळीला त्याची कंबर धरली. एवढं जड कसं, असं त्यानं विचारल्यावर डॉक्टरांनी कौतुकानं सांगितलं, की कठीण लाकूड म्हणतात ते यालाच. मेहुण्यानं खांद्याला हात लावून पाहिला. जिथे फळी टेकली होती तिथे सदरा ओला झाला होता.

"दाजी, हे ओलं लागतंय."

"तुझा घाम आहे तो," डॉक्टर म्हणाले.

फळ्या अडगळीच्या खोलीत खिडकीशेजारी भिंतीला टेकवून उभ्या केल्या. छान ऊन यायचं तिथे. बायको खाली बघायला आली. तिनं एका फळीवरून हात फिरवला, बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, की आम्ही नवं कापड बेतायच्या आधी भिजवून, वाळवून, आटवून घेतो. नाहीतर शिवल्यावर आखडतं. लाकडाचं तसं काही नसतं का? डॉक्टर हसले. लाकूड म्हणजे कापड नव्हे, असं त्यांनी तिला समजावलं. ती वर निघून गेली.

पहिल्या रविवारी डॉक्टरांनी पहिली फळी टेबलावर आडवी टाकून रंधा चालवला. रिबीन काही निघेना. निघत होता तो ओलसर लगदा, आणि दर चार हातांनी तो रंध्याच्या तोंडात अडकून बसे. डॉक्टर दात कोरायच्या आकडीनं तो काढत. चार तासांत त्यांनी फळीची एक बाजू सपाट केली. गुण्या लावून पाहिला, खालून उजेड दिसला नाही. त्यांनी बायकोला हाक मारली, मेहुण्याला फोन केला, आणि सोमवारी सिस्टरांना फळीशेजारी उभं करून फोटोही काढला. रंध्याच्या पात्यावर एका रात्रीत गंज चढला होता, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

आठवड्यानं ती फळी मधोमध अशी उचलली गेली होती, की खालून मांजर गेलं असतं. भिंतीशी उभ्या केलेल्या फळ्याही सरळ राहिल्या नव्हत्या. दोघींना बाक आला होता, एक पिळली होती, एकीच्या टोकाला बारीक चिरा पडल्या होत्या. डॉक्टर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बायको चहा घेऊन आली आणि तीही बघत उभी राहिली.

"अहो, तुम्हाला बाकच हवा होता ना?" ती म्हणाली. "आला की."

त्याच आठवड्यात एक म्हातारे सुतार कवळी बसवायला आले. चूळ भरता भरता त्यांनी विचारलं, की फळ्या केवढ्या आणल्या. डॉक्टरांनी बारा सुती सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे दीड इंची." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. सुतारांनी पुन्हा सांगितलं, हिशोबही सांगितला. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या दिवशी कवळी बसवायला त्यांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

पण हार मानणारा माणूस तो नव्हे. उलट त्यांना इथेच आपलं खरं कौशल्य वापरायची संधी दिसली. वाकडे दात ते सरळ करतच होते की! जबड्याच्या हाडातला दात जर तार लावून, रोज थोडा थोडा ताण देऊन जागेवर आणता येतो, तर लाकडाची काय बिशाद? त्यांनी लोखंडी शिकंजे आणले. सगळ्यात वाकडी फळी टेबलाला आवळली आणि रोज संध्याकाळी प्रत्येक शिकंज्याचा पाव पेच फिरवायचं ठरवलं. इतकंच नव्हे, तर फळीला त्यांनी पेशंटसारखं कार्डही केलं. 'फळी क्र. ३. तक्रार: मध्यभागी उंचवटा. उपचार: ताण. प्रगती: समाधानकारक.' सिस्टरांनी ते कार्ड चुकून बाहेरच्या कपाटात लावलं होतं, ते शोधण्यात एक दुपार गेली.

नवव्या दिवशी फळी जवळजवळ सरळ दिसू लागली. दहाव्या दिवशी सकाळी वखारवाले आले.

ते फळ्यांसाठी आले नव्हते. गाल एवढा सुजला होता, की एक डोळा लहान झाला होता. वखारीत दिवसभर माणसं हाकणारा तो माणूस बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर अंग चोरून बसला होता. डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, दाढेचा एक्स-रे काढला, उजेडाकडे धरला. खालची डावी अक्कलदाढ जराशी तिरपी वाढली होती. डॉक्टरांनी ते त्यांच्या नेहमीच्या भाषेत समजावलं. त्या भाषेत निम्मे शब्द लॅटिन होते. वखारवाल्यांनी मान डोलावली.

डॉक्टर ती मान बघत राहिले. हनुवटी किंचित वर, डोळे बारीक, सगळं कळल्यासारखा चेहरा. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. वखारीत स्वतःचा दिसला नव्हता, एवढंच. त्यांना मोह आवरला नाही.

"मग कसं करू या?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "मुळासकट काढू, की अख्खी काढू?"

वखारवाल्यांनी विचार केला. छताकडे पाहिलं.

"अख्खीच काढा," ते म्हणाले.

सिस्टर तोंड फिरवून कापसाचा डबा शोधू लागल्या. तो त्यांच्या हातातच होता.

भुलीचं इंजेक्शन देऊन झालं, निम्मी जीभ आणि निम्मा ओठ बधिर झाला. डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला, आणि चिमटा दाढेला लावायच्या आधी, अगदी हळू आवाजात विचारलं, की शिसवीचा माल वर्षभर पडून होता म्हणालात, तो नेमका कुठे पडून होता.

वखारवाल्यांनी चिमट्याकडे पाहिलं.

"उघयावय," ते म्हणाले.

"उघड्यावर. पाऊस लागला असेल?"

"आँ."

या वेळी तो होकारच होता. डॉक्टरांनी जास्त काही विचारलं नाही. रागापेक्षा त्यांना बरंच वाटलं होतं. दोष लाकडाचा नाही आणि आपल्या हाताचाही नाही, असं काहीतरी. पण मग दाढेवर जोर देता देता दुसरीही गोष्ट मनात आली. खिशात यंत्र असताना आपण ते बाहेर का काढलं नाही? वखारवाल्यांनी यंत्र लावू नका असं कुठे म्हटलं होतं? दाढ हलली. डॉक्टरांनी मनगट फिरवलं, दाढ मुळासकट आणि अख्खी बाहेर आली, आणि त्याच क्षणी खोलीत 'काड्' असा आवाज झाला.

तो आवाज साधा नव्हता. घरचं कपाट जिन्यावरून पडावं तसा तो होता. वखारवाले दोन्ही हातांनी जबडा धरून ताडकन उठून बसले. लाळ ओढायची नळी त्यांच्या सदऱ्यावर लोंबत राहिली. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदाच, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि हे शब्द पेशंटसमोर बोलायचे नसतात हे त्यांना निघून गेल्यावर कळलं. बाहेरच्या खोलीतला एक पेशंट उठला आणि चपला न घालता पायऱ्या उतरून गेला.

मग पुन्हा आवाज झाला. या वेळी कुणाच्या तोंडात कुणाचा हात नव्हता. आवाज मागच्या खोलीतून आला होता.

डॉक्टरांनी वखारवाल्यांच्या दाढेच्या जागी कापसाची घडी दिली, अर्धा तास घट्ट चावून धरायची आणि एक अक्षर बोलायचं नाही असं बजावलं, आणि मागे धावले. वखारवालेही मागोमाग गेले. फळी क्रमांक तीन टेबलावर शिकंज्यांत अडकलेली होती, आणि एका टोकापासून पार निम्म्याच्या पुढे उभी फाटली होती.

वखारवाल्यांनी फळीकडे पाहिलं, शिकंज्यांकडे पाहिलं, आणि शिकंज्याला लटकवलेलं कार्ड हातात घेऊन वाचलं. त्यांचे खांदे हलू लागले. हसताना कापूस पडू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात दाबून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. डॉक्टरांना जमिनीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं होतं.

हसू ओसरल्यावर मात्र वखारवाल्यांनी बाह्या सरसावल्या. बोलता येत नव्हतं, नाहीतर त्यांनी पंचवीस गोष्टी सांगितल्या असत्या आणि डॉक्टरांनी पंचविसांनाही मान डोलावली असती. आता त्यांना दाखवावंच लागलं. आधी त्यांनी डॉक्टरांचा हात धरून फळीच्या ताज्या चिरेत ठेवला. आतलं लाकूड गार होतं, तळघरातल्या भिंतीसारखं दमट. मग दुसरी फळी आडवी करून तिच्या टोकाला दिसणाऱ्या वर्तुळांच्या कमानीवरून बोट फिरवलं, आणि वाळताना फळी त्या कमानीच्या उलट कशी वळणार ते तळहात वाकवून दाखवलं. डॉक्टरांनी हत्यारांच्या ओळीतून ओलाव्याचं यंत्र काढून चिरेत टेकवलं. एकतीस आकडा आला; बाराच्या आत हवा होता. वखारवाल्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, आणि हे त्या दिवशी का नाही काढलंत, अशा अर्थानं भुवया उडवल्या.

मग त्यांनी सिस्टरांकडून औषधं लिहायची चिठ्ठी मागून घेतली. फळ्या आडव्या, एकीवर एक. मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि पट्टीवर पट्टी बरोबर एका रेषेत. वारा हवा, ऊन नको. टोकांना मेण, कारण लाकूड टोकांतून आधी वाळतं आणि तिथेच आधी फाटतं. वर वजन. सगळ्यात खाली त्यांनी लिहिलं, 'बारा सूत: वाळायला दीड वर्ष.' सूत या शब्दावर पेन्सिल जरा रेंगाळली. त्यांनी तिरक्या डोळ्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरही त्यांच्याकडेच बघत होते. दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

मेणाचा प्रश्न नव्हता. कवळीचे नमुने करायचं गुलाबी मेण दवाखान्यात पत्र्याच्या डब्यात भरलेलं होतं. वाऱ्याचा प्रश्न होता. मागच्या खोलीत ऊन फार, वरच्या मजल्यावर शिवणयंत्रं. सारखा वारा खेळतो आणि ऊन येत नाही अशी घरात एकच जागा होती, ती म्हणजे बाहेरची खोली. शाबूत राहिलेल्या पाच फळ्या तिथे भिंतीकडेनं आडव्या रचल्या, खाली दगडी ठोकळे, मध्ये पट्ट्या, टोकं गुलाबी. वजनाचं काय, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा वखारवाल्यांनी खोलीतल्या तीन पेशंटांकडे बोट दाखवलं.

ती रास बरोबर गुडघ्याएवढी झाली होती. बायकोनं तिच्यावर जुनं जाड कापड दुमडून घातलं. दुसऱ्या दिवशी लोक त्यावर बसले.

"झाला वाटतं बाक," पहिल्या बसलेल्या काकू म्हणाल्या.

हा बाक नव्हे, वाळत घातलेलं लाकूड आहे, असं डॉक्टरांनी पहिले पंधरा दिवस प्रत्येकाला सांगून पाहिलं. लोकांना तो विनय वाटला. एका आजोबांनी फटींमधून बोट घालून, खालून हवा लागते ही सोय फार छान केली म्हणून पाठ थोपटली. घरांचे नकाशे काढणारी एक बाई तर वाकून वाकून सगळीकडून फोटो काढून गेली. गुलाबी टोकांचं तिला विशेष वाटलं. कुणी तरी तसाच एक आपल्या ओसरीसाठी हवा म्हणून विचारणा केली, तोपर्यंत डॉक्टरांनी समजावणं सोडून दिलं होतं.

त्याच सुमाराला त्यांनी दुसरी एक गोष्ट सुरू केली. उपचार सांगून झाले की ते हत्यार खाली ठेवत, पेशंटच्या तोंडातला कापूस काढत आणि विचारत, "मी बोललो ते समजलं का? नसेल तर विचारा." याचा परिणाम भलताच झाला. लोक घाबरले. डॉक्टर आजवर कधी विचारत नव्हते, आता विचारतायत, म्हणजे दुखणं मोठं असणार. दोघा-तिघांनी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन खात्री करून घेतली. एका बाईंनी सिस्टरांना बाजूला घेऊन, डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली. शेवटी मधला मार्ग निघाला. डॉक्टर मान डोलावणाऱ्याची मान बघत, आणि ती फारच समजूतदारपणे डोलली तर तेवढं पुन्हा एकदा, सोप्या शब्दांत सांगत.

दीड वर्षात वखारवाले अधूनमधून रविवारी येत. वाळलेल्या शिसवीचे आखूड तुकडे आणत आणि डॉक्टरांकडून रंध्याचा सराव करून घेत. आता तोंड मोकळं असल्यामुळे ते अखंड बोलत. त्यातलं निम्मं उपयोगाचं असे. पातं कितपत बाहेर काढायचं, रेषा कुठल्या दिशेनं चढते ते बघून रंधा कुठून मारायचा, एक बाजू सपाट झाल्याशिवाय दुसरीला हात का लावायचा नाही, हे सगळं डॉक्टर विचारून घेत. पहिल्या पहिल्यांदा विचारताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मग ती सवय झाली.

एका सोमवारी यंत्रानं अकरा आकडा दाखवला. बाहेरच्या खोलीला कुलूप लावून डॉक्टरांनी दवाखानाच बंद ठेवला आणि रास उकलली. फळ्या सरळ होत्या. एकीला किंचित बाक होता, तिचे आखूड तुकडे पाडून त्यांच्या आडव्या पट्ट्या करायचं ठरलं. फाटलेली तिसरी फळीही त्यांनी मेण लावून मागच्या खोलीत पट्ट्यांवर ठेवली होती. तिच्या चिरेच्या दोन बाजूंतून चार पाय निघाले. रंधा चालला तेव्हा त्यातून साल निघाली, वेटोळं होऊन जमिनीवर पडली, आणि वरच्या मळकट थराखालून काळसर, तांबूस, मधूनच जांभळी झाक मारणारं लाकूड वर आलं. डॉक्टर थांबले. त्यांनी बायकोला हाक मारली नाही, मेहुण्याला फोन केला नाही. नुसता तळहात फिरवून पाहिला, आणि पुन्हा रंधा धरला.

बाक सतराव्या दिवशी उभा राहिला. सांधे बरे बसले होते. एका ठिकाणी फट राहिली, तिथे भुसा आणि सरस भरला होता, आणि तो कुठे भरलाय हे डॉक्टरांनी कुणी न विचारताही दाखवलं असतं. पण कुणी विचारलं नाही. पेशंट आले, बसले, आणि एकमेकांकडे बघू लागले.

"आधीचा काय झाला?" आजोबांनी विचारलं.

त्याच लाकडाचा हा केला, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजोबांना ते पटलं नाही. तो लांब होता, पाच माणसं बसत, याच्यावर जेमतेम तीन. खालून हवाही लागत नाही. चांगली वस्तू मोडून लोक नवं कशाला करतात, हे त्यांना कधी समजलं नव्हतं. काकूंनी दुजोरा दिला. नकाशे काढणाऱ्या बाई आल्या, त्यांनी तर दारातूनच कपाळाला हात लावला.

दुपारी पेशंट गेले, सिस्टर जेवायला घरी गेल्या, आणि डॉक्टर बाहेरच्या खोलीत एकटेच बाकावर बसून राहिले. स्वतःच्या दवाखान्यात या बाजूला ते कधी बसले नव्हते. इथून आतली खुर्ची दिसत नाही, फक्त वरचा दिवा दिसतो, आणि तो विझलेला असला तरी बघवत नाही, हे त्यांना आजच कळत होतं. जेवण निवत चाललं म्हणून बायको त्यांना बघायला खाली आली.

"बस ना," ते म्हणाले.

ती बसली. बाक तिच्या बाजूनं जरासा खाली गेला आणि टक् असा आवाज आला.

"हलतोय," ती म्हणाली.

"एक पाय दीड सूत आखूड झालाय."

"दीड सूत म्हणजे किती?"

डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून, मधे बारीक फट ठेवून तिला दाखवली. तिनं ती फट नीट बघितली, पदर सावरला, आणि थोडी त्यांच्याकडे सरकली. बाक स्थिर झाला. जेवण वर निवत होतं, पण तेवढ्यासाठी कुणी उठलं नाही.